अकरा मार्चचा अंक

१७ जानेवारी, शनिवार

ठकूने ही वही आणून दिली. म्हणाली, "बाबा, दिवसभर मनातल्या मनात भांडत बसता, त्यापेक्षा लिहीत चला." मुलगी चाळिशीला टेकली की बापाला पुन्हा शाळेत घालते म्हणायचं. तिचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान आहे. त्यामुळे कुठलीही कुरकुर दोन थेंब तेलाने जाते असा तिचा समज आहे.

तर लिहितो. वाचनालयाच्या मागच्या खोलीत जायला लागून आज महिना झाला. आमच्या वर्तमानपत्राची जुनी इमारत पाडली तेव्हा साठ वर्षांच्या बांधीव फाइली वाचनालयाला दिल्या. त्यांतली एकेक निधनवार्ता शोधायची आणि तिचं कार्ड करायचं, हे माझं काम. नाव, वय, अंकाची तारीख, पान, रकाना, पश्चात कोण कोण. हल्ली लोकांना पणजोबांचं वेड लागलंय. कुठून कुठून येतात आणि विचारतात, आमचे आजोबा सापडतील का? ग्रंथपाल बाई त्यांना माझ्या खोलीकडे बोट दाखवतात. मी पगारी नाही, पण खुर्ची मात्र हातांची दिली आहे.

हे काम दुसऱ्या कुणाला जमणार नाही असं मी बाईंना पहिल्याच दिवशी सांगितलं. एकतीस वर्षं हा रकाना मीच जुळवत होतो. पान सहा, डावीकडचा पहिला. बातम्यांच्या पानांवर काय वाट्टेल ते व्हायचं, एकदा सभापतींच्या फोटोखाली प्रदर्शनातल्या बक्षीसपात्र बैलाचं वजन छापून आलं होतं. पण निधनवार्तेत माझ्या हातून एक चूक नाही. फोरमन आप्पांनी माझ्या निरोपाच्या दिवशी चुकांचं रजिस्टर उघडून चारचौघांत दाखवलं. माझ्या नावाखालचं पान कोरं. असं पान साऱ्या छापखान्यात दुसऱ्या कुणाचं नव्हतं.

२४ जानेवारी, शनिवार

आज एक निवृत्त बँकवाले तावातावाने आले. नगरपालिकेच्या मृत्यू रजिस्टरातला उतारा एका हातात, आमच्या कार्डाची नक्कल दुसऱ्या हातात. "तारखा जुळत नाहीत, तुमचं कार्ड चूक आहे."

त्यांना बसवलं आणि समजावलं. माणूस जातो एका दिवशी. घरचे सावरल्यावर कचेरीत जातात, तेव्हा नोंद होते. आणि पेपरात येतं ते तिसऱ्याच दिवशी. शिवाय अंकावर पाच तारीख असली तरी तो मजकूर आम्ही चार तारखेच्या संध्याकाळी जुळवलेला असतो. सकाळचा पेपर काही सकाळी होत नाही. एवढी साधी गोष्ट, पण शिकलेल्या माणसांच्याही ध्यानात येत नाही.

त्यांना खरं दुःख वेगळंच होतं. घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले की आजोबा बुडणाऱ्या मुलाला वाचवताना गेले. वार्तेत छापलं होतं, "अल्पशा आजाराने". बिचारे तीनदा वाचून म्हणाले, "दुसरं एखादं वर्तमानपत्र असेल का हो तेव्हा?"

२ फेब्रुवारी, सोमवार

कार्डं फक्त अकरा झाली. एका फाइलीचं पान उघडलं आणि वाचायचं सोडून नुसता बघत बसलो. तो टाइप आमचा. त्यातल्या एका अक्षराचा काना तुटलेला होता, तो आठ वर्षं तसाच छापत होतो.

छापखाना आठवला. दाराशीच शाईचा आणि रॉकेलचा वास यायचा. मशीन सुरू झालं की जमीन थरथरायची आणि चहाच्या कपावर बारीक लाटा उठायच्या. केसच्या पेटीतले अक्षरांचे खिळे न बघता उचलायचो, कुठल्या खणात कुठलं अक्षर ते बोटांना पाठ. ओळ उलटी जुळवायची, उलटी वाचायची. अजून आरशात दुकानाची पाटी दिसली की मला ती सुलट पाटीपेक्षा लवकर वाचता येते. ही हसायची. म्हणायची, "तुमच्याशी सरळ बोलून उपयोग नाही, उलटंच बोललं पाहिजे."

हिच्या वेळी निधनवार्ता मीच लिहून नेली. काउंटरवरच्या मुलीने दोन मिनिटांत टाइप केली आणि विचारलं, "काका, फोटो टाकायचा का?" चार वर्षं झाली. मला त्या मुलीचा राग आला होता, पण तो तिच्यावरचा नव्हता.

९ फेब्रुवारी, सोमवार

आज गणिताच्या बाई आल्या. बसने दोन तासांवर राहतात, शाळेत गणित शिकवून निवृत्त झाल्या. नीटनेटक्या. सगळे कागद क्रमाने लावून आणलेले. मृत्यू रजिस्टराचा उतारा काढून झाला होता: त्यांच्या आईचे वडील, वय अठ्ठ्याहत्तर, नऊ मार्च, खबर देणारा मुलगा. साल बघितलं आणि मला गंमत वाटली, ठकूच्याच जन्माचं साल. माझ्या भाग्याचं वर्ष.

"मला वार्ता बघायचीय," त्या म्हणाल्या. "म्हणजे खरं तर माझ्या आईला बघायचीय."

मग सांगितलं. आई आता चौऱ्याऐंशीची, हृदय थकलंय. आईला एकच धाकटा भाऊ. त्यांचं याच गावात चष्म्याचं दुकान आहे. दुकान मलाही ठाऊक आहे, बाजाराच्या वळणावर. वडिलांच्या शेवटच्या चार महिन्यांत आई माहेरी येऊन राहिली, अंथरुणातलं सगळं तिने केलं. दवाखान्यात ठेवायचं की घरी आणायचं यावरून बहीणभावात खटके उडत होते, पण ते तेवढ्यापुरते. वडील गेले. दोन दिवसांनी पेपर आला. त्यात भावाने दिलेल्या वार्तेत मुलगा होता, सून होती, नातू होते. मुलगी नव्हतीच. आईने पेपर घडी घालून ठेवला, दुसऱ्या दिवशी पिशवी भरली आणि निघाली. तेव्हापासून एकोणचाळीस वर्षं ती भावाशी बोललेली नाही.

"आता तिला त्याची आठवण येते," बाई म्हणाल्या. "बोलत नाही, पण येते. मी म्हटलं, जाऊ या का मामाकडे? तर म्हणाली, आधी तो कागद बघून ये. तेव्हा रडून रडून डोळे सुजले होते, माझ्या वाचण्यात चूक झाली असेल. झाली असेल तर मीच त्याच्या पाया पडेन."

आम्ही फाइल काढली. अकरा मार्चचा अंक. पान सहा, दुसऱ्या रकान्यात अगदी वर. "त्यांच्या पश्चात मुलगा, सून, दोन नातू असा परिवार आहे." मुलगी नाही.

बाईंनी दोनदा वाचलं. मग विचारलं, "छापखान्यात काही राहून गेलं असेल का?"

मी सांगितलं, शक्यच नाही. लोक स्वतःच नावं गाळतात आणि मग खापर छापखान्यावर फोडतात, हे मी एकतीस वर्षं पाहिलंय. "बाई, आम्ही दिलं तसं छापत होतो. त्या रकान्याची हमी मी देतो."

त्यांनी नक्कल घेतली, आभार मानले आणि साडेतीनच्या बसने गेल्या. जाताना एकदम थकलेल्या दिसल्या. पण खोटं सांगून कुणाचं भलं होतं?

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

गणिताच्या बाईंचा ग्रंथपाल बाईंकडे फोन आला होता. आईला नक्कल दाखवली आणि "छापखान्यातले स्वतः म्हणाले, दिलं तसं छापलं" हेही सांगितलं. आई एवढंच म्हणाली, "मग विषय संपला." आणि दोन दिवस जेवली नाही.

ग्रंथपाल बाईंनी मला विचारलं, "काका, इतकं ठाम सांगायला हवं होतं का?"

मी म्हटलं, नोंद म्हणजे नोंद. पण दुपारचा चहा कडू लागला. साखर घातली नव्हती असं नंतर कळलं.

२८ फेब्रुवारी, शनिवार

दहा दिवसांवर ठकूचा वाढदिवस. दरवर्षी मी तिला तिच्या जन्माची गोष्ट सांगतो, आणि ती दरवर्षी मध्येच दुरुस्त्या करते, जणू ती तिथे बघत उभी होती.

संध्याकाळचे सहा वाजले होते. पान बांधायची वेळ. तेवढ्यात काउंटरचा माणूस ओरडत आला, "अरे दवाखान्यातून निरोप आलाय, पळ!" हातातलं काम कसंबसं पुरं केलं, पान चौकटीत आवळलं आणि सायकलवरून सुटलो. वाटेत चेन निघाली, सायकल कुंपणाला टेकवून धावलो. दवाखान्यात पोचलो तर मुलगी झालेली. नर्सने माझे हात बघितले आणि बाळ मागे घेतलं. "आधी ही शाई धुऊन या." मी तीनदा साबण लावला, नखांतली काही जाईना. शेवटी हीच म्हणाली, "द्या हो त्यांच्याकडे, ती शाई जन्मात जायची नाही." ठकू हातात आली. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला दिवस. एवढा आनंद झाला होता की सायकल तिसऱ्या दिवशी आठवली.

१ मार्च, रविवार

वाचनालयाला सुट्टी असूनही किल्ली मागून घेतली. फाइलींबरोबर एक पत्र्याची ट्रंक आली होती, ती तेव्हापासून कोपऱ्यात पडून होती. तिच्यात मूळ चिठ्ठ्या आहेत. घरच्यांनी हाताने लिहून दिलेला मजकूर जुळवून झाला की आम्ही तारेत टोचायचो आणि महिना संपला की ती तार वळून ठेवायचो. आप्पांचा नियम होता, कुणी भांडायला आलं तर चिठ्ठीच पुढे करायची.

मला मार्चची तार हवी होती. गणिताच्या बाईंना दाखवायचं होतं की बघा, मामांनीच आईचं नाव लिहिलं नव्हतं. त्यानंतर तरी माझ्या मनातून हा विषय जाईल असं वाटलं.

चिठ्ठी सापडली. चष्म्याच्या दुकानाच्या छापील कागदावर, निळ्या शाईत: "त्यांच्या पश्चात अखेरपर्यंत त्यांची शुश्रूषा करणारी थोरली मुलगी, जावई, नात, मुलगा, सून, दोन नातू असा परिवार आहे."

मुलगी आहे. सगळ्यांच्या आधी आहे.

मधल्या दोन ओळी गेल्या आहेत आणि उरलेला मजकूर बेमालूम जुळतो, म्हणून कुणाला संशय आला नाही. चिठ्ठीच्या कोपऱ्यात निळ्या पेन्सिलीची कसली तरी खूण आहे. तार नेमकी तिथूनच गेली होती, उजेडही कमी होता, मी फार निरखलं नाही.

३ मार्च, मंगळवार

विचार करून उलगडा झाला. अकरा मार्चला मी छापखान्यात नव्हतोच! ठकू दहाला झाली, मी अकरापासून आठ दिवस रजेवर. म्हणजे ते पान बदली कंपोझिटरने लावलं. तोतरा होता, हात जलद पण डोकं दुसरीकडे. तो बारा वर्षांपूर्वी वारला, त्याची वार्ता मीच वाचली होती. आता गेलेल्या माणसाबद्दल वाईट कशाला बोलायचं, पण चूक त्याची.

गणिताच्या बाईंना पत्र लिहायला घेतलं. "बदली माणसाच्या हातून" इथपर्यंत आलो आणि थांबलो. उद्या पुरं करीन.

६ मार्च, शुक्रवार

पत्र पुरं झालं नाही. सर्दी झाली आहे.

१० मार्च, मंगळवार

ठकूकडे जेवलो. जावई, ती आणि मी. जेवण झाल्यावर तिने नेहमीसारखं म्हटलं, "हां, करा सुरू. सहा वाजले होते." मी सुरू केलं. मग मध्येच मी त्या चिठ्ठीचं आणि तोतऱ्याचं सांगितलं, म्हटलं बघ, तुझ्या जन्माच्या दुसऱ्या दिवशी काय घोटाळा झाला.

ठकू ताटं उचलत होती, ती थांबली. "बाबा, अकराचा अंक दहाला जुळवता ना?"

मी पाण्याचा पेला उचलला, तो रिकामा होता.

"तुम्हीच सांगता सगळ्यांना. सकाळचा पेपर काही सकाळी होत नाही."

जावयांनी पाणी आणून दिलं. ठकू माझ्याशेजारी बसली. गोष्ट या वर्षी तिथेच राहिली.

११ मार्च, बुधवार

सकाळी जाऊन चिठ्ठी खिडकीत धरली. कोपऱ्यात निळ्या पेन्सिलीचा त्रिकोण. आम्हा प्रत्येकाची खूण ठरलेली होती. तोतऱ्याची फुली. त्रिकोण माझा.

आता सगळं आठवतंय, आणि मला वाटतं ते कधी विसरलोच नव्हतो. प्रूफ पाचला निघालं, बिनचूक होतं. साडेपाचला आणखी एका घरची वार्ता आली. तिला जागा करायला चष्मेवाल्यांचा मजकूर पहिल्या रकान्यातून उचलून दुसऱ्याच्या डोक्यावर न्यायचा होता. जुळवलेल्या ओळी एकदम उचलता येत नाहीत, विस्कटतात. दोन बोटांत दाबून थोड्या थोड्या न्यायच्या. वरच्या ओळी नेल्या. मधल्या दोन उचलल्या, तेवढ्यात तो ओरडला, "पळ!" त्या मी गॅलीच्या, म्हणजे ओळींच्या लोखंडी तबकाच्या, कडेला ठेवल्या. शेवटच्या ओळी नेल्या, पान आवळलं, आणि बाप व्हायला पळालो. दुसऱ्या दिवशी कुणी तरी त्या दोन ओळींचे खिळे सोडवून पुन्हा खणात टाकले असतील.

पुन्हा प्रूफ काढायला हवं होतं. पान हललं की प्रूफ काढायचं, हे शिकाऊ पोरालाही कळतं.

मला लाज वाटते. तेव्हाच्या चुकीची वाटते, त्याहून नऊ फेब्रुवारीची वाटते. ती बाई विचारत होती, राहून गेलं असेल का. आणि मी हमी देत होतो.

१४ मार्च, शनिवार

चष्म्याच्या दुकानात गेलो. मुलगे दुकान चालवतात. म्हातारे दुपारचे येऊन मागच्या टेबलाशी काचा पुसत बसतात. एक्क्याऐंशी वय. मला बघून म्हणाले, "बसा. नंबर काढायचाय?"

मी म्हटलं, "माफी मागायचीय." आणि चिठ्ठीची नक्कल पुढे ठेवून सगळं सांगितलं. बोलताना त्यांच्याकडे बघवेना, म्हणून भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बघत बोललो. शेवटची ओळ मला दिसत नव्हती.

त्यांनी काच पुसायची थांबवली नाही. "म्हणजे ते तुम्ही होय," म्हणाले. "मुलगी कशी आहे?"

मला कळेना.

"मी आलो होतो छापखान्यात. पेपर आला त्याच्या दुसऱ्याच दिवशी. फोरमन होते, अंगाने आडवे."

"आप्पा."

"त्यांनी चिठ्ठी काढून बघितली. म्हणाले, चूक आमची, उद्या शुद्धिपत्र देतो. पण शुद्धिपत्र द्यायचं तर चूक कुणाची ते रजिस्टरात लिहावं लागतं. म्हणाले, माणूस चांगला आहे, अजून कायम झालेला नाही, एप्रिलमध्ये व्हायचाय. हे लिहिलं की राहिलं. आणि परवाच त्याला मुलगी झालीय." त्यांनी काच उजेडाकडे धरली. "मी म्हटलं, मग नका लिहू. आमचा बाप गेला तो गेला, दुसऱ्या एका बापाची नोकरी कशाला घालवायची? मला वाटलं, ताईला काय, मी एका वाक्यात समजावीन."

"मग?"

"मी घरी गेलो तर ताई निघून गेलेली. तीन पत्रं पाठवली, तिन्ही न फोडता परत आली. एकदा तिच्या घरीही गेलो. आत पडदा हलला, दार उघडलं नाही. मग मलाही राग आला. दोघंही एकाच बापाची, तिला वाटतं त्याने यावं, मला वाटतं तिने यावं. असं करत करत म्हातारे झालो."

कोरं पान. एकतीस वर्षं ज्याच्या जोरावर छाती काढून चाललो ते पान आप्पांनी आणि या माणसाने कोरं ठेवलं होतं. त्याची किंमत तिकडे एक बाई मोजत होती, आणि मला पत्ताही नव्हता. मी दुकानातच रडलो. त्यांनी चष्मे पुसायचं फडकं पुढे केलं, मग म्हणाले, "थांबा, हे स्वच्छ नाही," आणि दुसरं दिलं.

"मी जातो तुमच्या ताईंकडे," मी म्हटलं.

"जा," ते म्हणाले. "पण माझी बाजू मांडू नका. नुसती चिठ्ठी दाखवा."

१९ मार्च, गुरुवार

ग्रंथपाल बाईंनी मूळ चिठ्ठी नेऊ दिली. नियमात बसत नाही, पण त्या म्हणाल्या, "काका, मी आज नियम बघितलेच नाहीत." सकाळच्या बसने निघालो. ठकू बरोबर येते म्हणत होती, मी नको म्हटलं. हे मला एकट्यानेच करायचं होतं.

गणिताच्या बाईंनी दार उघडलं. तिसरा मजला, खिडकीशी खुर्ची, खुर्चीत त्यांच्या आई, चौऱ्याऐंशीच्या आजी. बारीक अंगाच्या, ताठ बसलेल्या. नाकावर स्टेशनरीच्या दुकानात मिळतो तसला तयार चष्मा, एक काडी दोऱ्याने बांधलेली. मी कोण ते सांगितलं, पाणीसुद्धा न घेता चिठ्ठी त्यांच्या हातात दिली आणि काय झालं ते सांगितलं. भावाने नोकरी वाचवली हेही सांगितलं. ती त्यांची बाजू नव्हती, ती माझी होती.

त्यांनी चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, पुन्हा जवळ आणली. वाचता येत नव्हतं. मग चष्मा काढून नुसती शाईवरून बोट फिरवत म्हणाल्या, "अक्षर त्याचंच. पहिल्यापासून असंच, उताराला लागल्यासारखं." लेकीला म्हणाल्या, "वाच तू."

गणिताच्या बाईंनी वाचलं. "अखेरपर्यंत त्यांची शुश्रूषा करणारी थोरली मुलगी" इथे त्यांचा आवाज फुटला. आई म्हणाल्या, "पुन्हा." त्यांनी पुन्हा वाचलं.

 मग आजी माझ्याकडे वळल्या.

"एकोणचाळीस वर्षांपूर्वीचं एक वेळ सोडते मी," त्या म्हणाल्या. "तुम्हाला लेक होत होती. धावलात, बरोबर केलंत. पण गेल्या महिन्यात माझी मुलगी तुमच्यापुढे बसून विचारत होती. तेव्हा कसली घाई होती हो तुम्हाला?"

 मी म्हटलं, "घाई नव्हती. गर्व होता."

"हं," त्या म्हणाल्या. "तो आमच्या घरातही आहे." आणि लेकीला म्हणाल्या, "लाव फोन."

"आत्ता?"

"मग केव्हा? माझी वार्ता छापून आल्यावर?"

त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून गणिताच्या बाईंनी फोन मोठ्या आवाजावर टाकून मांडीवर ठेवला. मी उठायला लागलो तर आजींनी हाताने खाली बसवलं. चार वेळा घंटी वाजली.

"हॅलो," तिकडून आलं. "चष्म्याचं दुकान."

आजींनी चष्मा पुन्हा नाकावर चढवला. त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला होता.

"हॅलो? कोण बोलतंय?"

"मी," आजी म्हणाल्या.

तिकडे काहीतरी खाली पडल्याचा आवाज झाला, काच असावी. मग दुकानातल्या कुणाला तरी "गप बसा रे जरा" म्हटलेलं ऐकू आलं. गणिताच्या बाईंनी वाकून फोन चालू आहे ना ते बघितलं.

"ताई," ते म्हणाले.  "नंबर किती आहे गं आता तुझा?"

"मला काय माहीत?" आजी एकदम ओरडल्या, आणि ओरडता ओरडता रडू लागल्या. "कुणाकडे तपासायला जाणार होते मी?"

"उद्या ये," ते म्हणाले. "सकाळीच ये. बराच वेळ लागेल."

माझ्या बसची वेळ होऊन गेली होती. मला कुणी जा म्हणालं नाही, आणि मीही उठलो नाही.